मोतीबिंदू: माणूस मोजायचा की डोळा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. ती कळायला मला बरेच महिने लागले, म्हणून आजची पोस्ट तिथूनच सुरू करतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या काही जुन्या नेत्र शिबिरांच्या रजिस्टरच्या झेरॉक्स प्रती माझ्या हाती लागल्या होत्या. मी मूळचा एमएस्सी संख्याशास्त्राचा. कागद दिसला की तो एक्सेलमध्ये भरायचा, ही सवय. प्रत्येक ओळ म्हणजे एक रुग्ण असं धरलं, ओळी मोजल्या, वयोगट पाडले, छान तक्ता केला आणि विभागाच्या सेमिनारमध्ये दाखवला. मागच्या बाकावर एक सीनियर बसला होता. त्याच्या हातात माझ्या माहितीची प्रिंट होती. त्यानं विचारलं, "हे रुग्ण आहेत की डोळे?"

मी म्हटलं, "रुग्ण."

"मग या दोन ओळींत एकच बाई कशी?"

बघितलं तर खरंच. तेच नाव, तेच गाव, नवऱ्याचं नावही तेच. एका ओळीत पुढे 'उ', दुसऱ्या ओळीत 'डा'. मधे एका वर्षाहून जास्त अंतर. म्हणजे उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया एका हिवाळ्यात आणि डाव्याची पुढच्या हिवाळ्यात. माझ्या तक्त्यात मात्र त्या दोन वेगवेगळ्या बाया होत्या. पुढे शोधत गेलो तर उलटी गडबडही सापडली. काही ओळींत निदानाच्या रकान्यात 'दोन्ही डोळे' लिहिलं होतं आणि शेवटी 'शस्त्रक्रिया झाली' असा शेरा होता. कुठल्या डोळ्याची झाली? एकाची की दोन्हींची? कागद गप्प.

हा प्रश्न वरून कारकुनी वाटतो. पण मोतीबिंदूच्या नोंदींचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की 'माणूस की डोळा' हा गोंधळ माझा एकट्याचा नाही. जवळजवळ दीडशे वर्षं आपली सरकारं, डॉक्टर आणि आकडेवारीवाले याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देत आलेत. ज्यांना पुढे आरोग्याच्या नोंदींवर संशोधन करायचंय, त्यांनी हा इतिहास एकदा नीट बघावा.

आधी डोळ्याविषयी थोडंसं

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. वयामुळे होणारा मोतीबिंदू साधारण तीन जागी दिसतो. भिंगाच्या गाभ्यात, गाभ्याभोवतीच्या थरात, किंवा अगदी मागे, मागच्या आवरणाला लागून. गाभ्यातला असेल तर लांबचं दिसणं हळूहळू कमी होतं, आणि कधीकधी जवळचं उलट सुधारल्यासारखं वाटतं. मागच्या आवरणाजवळचा असेल तर उन्हात डोळे दिपतात. म्हणजे 'मोतीबिंदू' हा एकच शब्द असला तरी आत तीन-चार वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक मुद्दा पुढे लागेल. वयाचा मोतीबिंदू बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत होतो, पण दोन्हींकडे सारख्या वेगानं वाढतोच असं नाही. उजव्यात पिकलेला आणि डाव्यात नुकता सुरू झालेला, हे नेहमीचं चित्र. त्यात जंगल भागात काटा किंवा बांबूची काडी लागून एका डोळ्याला इजा झालेली असू शकते. अशा माणसाच्या एका डोळ्यात इजेचा मोतीबिंदू आणि दुसऱ्यात वयाचा, असंही असतं. त्यामुळे 'दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू' हे वाक्य खरं असूनही अपुरं असतं.

जनगणनेतला रकाना: दोन्ही डोळे गेले तरच

आपल्याकडे अंध माणसं मोजण्याचा सगळ्यात जुना मोठा प्रयत्न जनगणनेचा. ब्रिटिश काळात १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत व्यंगांचा एक रकाना असायचा. मनोरुग्ण, मूकबधिर, कुष्ठरोगी आणि अंध. अंधांबद्दल प्रगणकाला स्पष्ट सूचना होती की दोन्ही डोळ्यांनी अंध असेल तरच लिहा, एका डोळ्याचा असेल तर लिहू नका. म्हणजे तिथे एकक माणूस होता आणि अट दोन्ही डोळ्यांची. कारण विचारायचं नव्हतं. मोतीबिंदू, देवी, काचबिंदू, सगळे एकाच रकान्यात.

१९४१ ला हा रकाना गेला. १९८१ मध्ये 'पूर्ण अंध' असा प्रश्न पुन्हा आला, १९९१ मध्ये परत गायब, आणि २००१ मध्ये अपंगत्वाचा प्रश्न नव्यानं आला. आता गंमत बघा. २००१ मध्ये एकाच डोळ्यानं दिसणारी व्यक्तीसुद्धा दृष्टीच्या अपंगत्वात धरली होती. २०११ मध्ये ती वगळली. २००१ चा आकडा सुमारे १ कोटी ६ लाख, २०११ चा सुमारे ५० लाख. दहा वर्षांत निम्म्या लोकांना दिसायला लागलं का? अर्थातच नाही. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतले इतरही बदल यामागे आहेत, पण एका डोळ्याच्या माणसाला कुठल्या बाजूला ठेवायचं हा त्यातला एक मोठा बदल. हे दोन आकडे शेजारी ठेवून आलेख काढलेला मी एका प्रेझेंटेशनमध्ये पाहिलाय. बाण झकास खाली जात होता.

आपल्या भागात काम करणाऱ्यांना इथे अजून एक अडचण येते, ती भूगोलाची. आजच्या चंद्रपूरचं नाव १९६४ पर्यंत चांदा. ब्रिटिश काळात हा जिल्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे जुनी माहिती मुंबई प्रांताच्या खंडांत शोधून मिळणार नाही. राजुरा तर निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे १९७५ सालच्या एखाद्या अहवालात 'चंद्रपूर' लिहिलेलं असेल तर त्यात सिरोंचा आणि भामरागडचा भागही आला. हे न बघता १९७५ आणि १९९५ ची तुलना केलीत, तर एकाच नावाच्या दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना होईल.

जाड भिंगाच्या चष्म्याचा काळ

'दोन्ही डोळे' या शब्दांना शस्त्रक्रियेच्या दृष्टीनं एकेकाळी फार वेगळं वजन होतं. जुन्या पद्धतीत गढूळ भिंग काढून टाकायचे, पण त्या जागी दुसरं बसवत नसत. मग रुग्णाला जाडजूड भिंगांचा चष्मा लागायचा. आपल्या आजी-आजोबांच्या फोटोंत तो अजून दिसतो, मागचे डोळे मोठ्ठे दिसणारा. या चष्म्यातून वस्तू सुमारे २५ ते ३० टक्के मोठी दिसते. आता विचार करा. एक डोळा चांगला आहे आणि दुसऱ्याची शस्त्रक्रिया केली, तर एका डोळ्याला वस्तू नेहमीएवढी आणि दुसऱ्याला मोठी दिसणार. मेंदूला ही दोन चित्रं जुळवता येत नाहीत. त्यामुळे दुसरा डोळा बऱ्यापैकी चांगला असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जायची. दोन्ही डोळे निकामी होईपर्यंत थांबा, 'मोतीबिंदू पिकू द्या', हा सल्ला त्या काळाच्या तंत्रातून आलेला आहे.

हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवलं. हे तंत्र आपल्या सरकारी शिबिरांपर्यंत पोचायला पुढची चार दशकं लागली. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार १९९४ मध्ये भिंगारोपणाचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होतं, आणि २०११-१२ पर्यंत ते ९५ टक्क्यांवर गेलं. भिंग आत बसायला लागल्यावर एका डोळ्याची शस्त्रक्रिया करण्यातली ती अडचण उरली नाही. तेव्हापासून 'कुठला डोळा' हा प्रश्न नोंदीच्या दृष्टीनं खऱ्या अर्थानं महत्त्वाचा झाला. कारण आता एकच माणूस रजिस्टरमध्ये दोनदा येणार होता.

म्हणून १९८५ च्या नोंदीतला 'दोन्ही डोळे मोतीबिंदू' आणि २००५ च्या नोंदीतला 'दोन्ही डोळे मोतीबिंदू' यांचा अर्थ सारखा धरू नका. पहिल्यात बहुधा जवळजवळ आंधळा झालेला माणूस आहे. दुसऱ्यात एका डोळ्यानं कामधंदा करणारा माणूसही असू शकतो.

१९७६ नंतर: अंधत्व माणसाचं, शस्त्रक्रिया डोळ्याची

१९७१ ते १९७४ दरम्यान भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं केलेल्या सर्वेक्षणात अंधत्वाचं प्रमाण १.३८ टक्के आलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८६ ते १९८९ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण १.४९ टक्के होतं. पुढे १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प सात राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्र त्यातलं एक. शाळेत किंवा मंगल कार्यालयात टेबल टाकून शस्त्रक्रिया करण्याऐवजी रुग्णाला रुग्णालयात आणून करायची, यावर त्या काळात भर आला. प्रकल्प संपेपर्यंत सात राज्यांत मिळून दीड कोटीहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

इथे नीट लक्ष द्या. अंधत्वाची व्याख्या 'चांगल्या डोळ्याची नजर' या निकषावर उभी आहे. दोन डोळ्यांपैकी जो बरा, त्याची नजर अमुक रेषेच्या खाली असेल तर माणूस अंध. म्हणजे उद्दिष्ट माणसात मोजलं जातं. पण कामाची प्रगती मोजली जाते शस्त्रक्रियेत, म्हणजे डोळ्यात. जिल्ह्याला दिलेलं लक्ष्य, संस्थेला मिळणारं अनुदान, मासिक अहवाल, सगळं डोळ्यावर. दोन वेगळ्या मापांनी एकच काम मोजलं जात राहिलं.

त्यात व्याख्याही बदलली. आपल्याकडे चार दशकं ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व, असा निकष होता. २०१७ मध्ये तो जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० केला गेला. सोपं करून सांगायचं तर आधी सहा मीटरवरून बोटं मोजता न येणारा अंध धरला जायचा, आता तीन मीटरवरून न येणारा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्व ०.३६ टक्के आलं, ते या नव्या निकषावर. १.४९ वरून ०.३६ ही घसरण सांगताना निकष सांगितला नाही, तर ते अर्धसत्य होतं. प्रगती नक्कीच झालीय, पण किती, हे एका ओळीत सांगता येत नाही. त्याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं कारण ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदू हेच होतं, हेही विसरू नका.

कोडची गोष्ट

आता रोगांच्या सांकेतिक यादीकडे येऊ. १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. आजची आयसीडी तिथून आली. मूळ हेतू मृत्यू मोजण्याचा, आणि मोतीबिंदूनं कुणी मरत नाही. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली आली, तेव्हा ही यादी आजारपण मोजण्यासाठीही वापरायची असं ठरलं. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली.

या दहाव्या आवृत्तीत वयाच्या मोतीबिंदूला एच२५ हा गट आहे. गाभ्यातला असेल तर एच२५.१, प्रकार सांगितला नसेल तर एच२५.९. इजेमुळे झालेला एच२६.१. शस्त्रक्रियेनंतर मागच्या आवरणावर येणारा पडदा एच२६.४. मधुमेहाचा एच२८.०, आणि त्याच्यासोबत मधुमेहाचा कोडही लिहायचा. यादी बरीच बारकाईची आहे. पण एक गोष्ट तिच्यात नाही. बाजू. उजवा, डावा की दोन्ही, हे सांगायला मूळ एच२५ मध्ये जागाच नाही. मजा म्हणजे अंधत्वाच्या एच५४ गटात दोन्ही डोळ्यांचं आणि एका डोळ्याचं अंधत्व वेगळं केलंय. परिणामाला बाजू आहे, कारणाला नाही.

अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचा स्वतःचा विस्तार वापरायला घेतला आणि त्यात बाजू घातली. गाभ्यातला मोतीबिंदू उजव्या डोळ्यात असेल तर एच२५.११, डाव्यात एच२५.१२, दोन्हींत एच२५.१३. तिथे बिलं या कोडवर निघतात, त्यामुळे नियमही काटेकोर. त्यातला एक नियम मला फार आवडतो, आणि नियमावलीत त्याचं उदाहरण म्हणून मोतीबिंदूच दिलाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि आज पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया करायची आहे, तर कोड 'दोन्ही'चा. कारण आज सकाळी आजार दोन्हीकडे आहे. काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्यासाठी रुग्ण आला, तर कोड फक्त उरलेल्या डोळ्याचा. पहिल्या डोळ्यात आता मोतीबिंदू नाही, भिंग आहे, आणि त्यासाठी झेड९६.१ हा वेगळा कोड आहे.

साधी गोष्ट वाटते ना? पण तिच्यात एक तत्त्व आहे. निदान ही त्या दिवसाची स्थिती असते, माणसाच्या कपाळावर मारलेला शिक्का नसतो. पहिल्या भेटीचं 'दोन्ही डोळे' पुढच्या प्रत्येक कागदावर उतरवत गेलं की कागदावर तो माणूस कायम दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदूवाला राहतो, दोन्ही शस्त्रक्रिया झाल्यावरसुद्धा. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात वयाच्या मोतीबिंदूचा कोड ९बी१०.० आहे आणि बाजू सांगायला वेगळे जोड-कोड आहेत. म्हणजे जगाच्या यादीत उजवं-डावं यायला एवढी वर्षं गेली.

कागद जंगलात पोचतो तेव्हा

गडचिरोलीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे शिबिरं बहुतेक हिवाळ्यात, आणि 'दुसरा डोळा पुढच्या वर्षी'. तोवर मोहफुलांचा हंगाम जातो, तेंदूपत्ता जातो, धानाची रोवणी जाते. पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या संस्थेचं असू शकतं, रजिस्टर नवं, नंबर नवा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाचं नाव लिहिणारा मराठी, मग एकाच नावाची दोन स्पेलिंग. वय अंदाजे. साठ, पासष्ट, सत्तर. पहिल्या डोळ्याची आणि दुसऱ्या डोळ्याची नोंद एकमेकींना भेटणार कशा?

विम्याचे कागद आले तेव्हा हे सुधारेल असं वाटलं होतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. चंद्रपूरसह बाकीच्या जिल्ह्यांत ती २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं, आणि २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. त्यांनी नोंदीला शिस्त आणली हे खरं. पण पॅकेजचा कोड आणि निदानाचा कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सांगतो काय केलं, दुसरा सांगतो का केलं. पैसे पहिल्यावर मिळतात, त्यामुळे दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथे सर्रास 'प्रकार सांगितला नाही' असा कोड पडतो.

फील्डवर असताना धानोरा तालुक्यातल्या एका गावात मला एक आजोबा भेटले. एका शिबिराच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'दोन्ही डोळे मोतीबिंदू, शस्त्रक्रिया झाली' असं होतं. माझ्या हिशोबात ती यशस्वी केस होती. प्रत्यक्षात त्यांच्या फक्त उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्या डोळ्यात नंतर मागच्या आवरणावर पडदा आला होता, आणि डाव्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. दारातल्या खाटेवर बसून असायचे. मला म्हणाले, "माहं आपरेशन झालं म्हन्ते न कागद. मंग मले काहून नाही दिसत बाबू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर आशाताईंशी बोललो तेव्हा कळलं की पुढच्या वर्षीची यादी करताना 'झाली' शेरा असलेली नावं आधीच गाळली जात होती. म्हणजे आजोबांना दिसत नव्हतं यामागे त्या एका ओळीचाही हात होता. त्यांचं नाव पुन्हा यादीत चढलं. उजव्या डोळ्यातला पडदा लेझरनं काही मिनिटांत मोकळा झाला आणि डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्या हिवाळ्यात झाली. पण मधली दोन वर्षं गेली ती गेलीच.

एक छोटा हिशोब

वहीत करून बघा. समजा, एका गावात दहा जण दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूमुळे अंध आहेत. म्हणजे वीस डोळे. यंदा दहा शस्त्रक्रिया झाल्या आणि सगळ्या चांगल्या झाल्या.

पहिली शक्यता: दहा जणांचा एकेक डोळा केला. दहाही जणांना दिसायला लागलं. अंध उरले शून्य.

दुसरी शक्यता: पाच जणांचे दोन्ही डोळे केले. पाच जणांना छान दिसतं, पाच जण अंधच.

दोन्हीकडे मासिक अहवालात एकच आकडा: शस्त्रक्रिया १०. डोळ्यांच्या हिशोबानं कव्हरेज दोन्हीकडे वीसपैकी दहा, म्हणजे ५० टक्के. माणसांच्या हिशोबानं पहिल्यात १०० टक्के, दुसऱ्यात ५० टक्के. बाजूचा रकाना आणि माणसाची ओळख, यातलं एक जरी नसेल तरी या दोन गावांतला फरक तुम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणूनच डोळ्यांच्या जलद सर्वेक्षणांत डोळ्यांचं कव्हरेज आणि माणसांचं कव्हरेज वेगवेगळं काढतात. २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेत एक पाऊल पुढे टाकलं गेलं. शस्त्रक्रिया झाली एवढं पुरेसं नाही, त्यानंतर नजर चांगली आली का हेही मोजायचं, असं 'परिणामकारक कव्हरेज' २०३० पर्यंत ३० टक्के गुणांनी वाढवायचं लक्ष्य ठरलं. आजोबांसारखा माणूस या मापात 'झाली' म्हणून सुटत नाही.

तुम्ही संशोधनाला बसाल तेव्हा

मी आता कुठलंही रजिस्टर हातात आलं की आधी चार गोष्टी बघतो. तुम्हीही बघा.

एक, ओळ कशाची आहे? माणसाची, डोळ्याची की भेटीची? हे रजिस्टरच्या मथळ्यावर लिहिलेलं नसतं. पन्नास ओळी हातानं वाचा, मगच एक्सेल उघडा.

दोन, निदान, शस्त्रक्रिया आणि परिणाम यांचे तीन वेगळे रकाने करा आणि प्रत्येकाला स्वतःची बाजू द्या. 'दोन्ही' हा शब्द निदानात चालेल, शस्त्रक्रियेत जवळजवळ कधीच नाही. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे दोन्ही डोळे सहसा एकाच दिवशी करत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या रकान्यात 'दोन्ही' दिसलं तर थांबा आणि शंका घ्या.

तीन, बाजू लिहिलेली नसेल तर 'लिहिलेली नाही' असंच भरा. अंदाजानं 'दोन्ही' करू नका. रिकाम्या जागेलाही अर्थ असतो, आणि किती जागा रिकाम्या आहेत हा स्वतःच एक निष्कर्ष असतो.

चार, त्या वर्षीची व्याख्या आणि त्या वर्षीची जिल्ह्याची हद्द तक्त्याखाली लिहा. ६/६० की ३/६०, चांदा की चंद्रपूर, गडचिरोली आत की बाहेर.

नमुना म्हणून दोन नोंदी देतो. पहिली भेट: दोन्ही डोळ्यांत वयाचा गाभ्यातला मोतीबिंदू, उजवा जास्त, आज उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया, भिंग बसवलं, सहा आठवड्यांनी उजव्याची नजर अमुक. दुसरी भेट: डाव्या डोळ्यात वयाचा गाभ्यातला मोतीबिंदू, उजव्यात कृत्रिम भिंग, आज डाव्याची शस्त्रक्रिया. लिहायला एखादं मिनिट जास्त लागतं. पण ही नोंद दहा वर्षांनी कुणीही उघडली तरी त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांचं काय झालं ते तिला सांगता येतं.

शेवटी एक कबुली. माझा तो पहिला तक्ता मी फेकला नाही, टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. त्यावर सीनियरनं लाल पेननं दोन ओळींना एकच गोल काढलेला आहे. नवं रजिस्टर आलं की आधी त्या गोलाकडे बघतो आणि मग मोजायला बसतो.